मारिता आणि मशीनपुढची खुर्ची

मारिता एडलुंडला इंग्रजी येत नव्हतं. आमच्याकडे असं कोणी कबूल करत नाही. पोहता येत नाही म्हटलं तर लोक शिकवायला धावतात. इंग्रजी येत नाही म्हटलं की आधी हसतात, आणि मग हिच्या लहानपणी ताप डोक्यात गेला होता की काय, अशा नजरेनं बघतात. स्वीडनमध्ये शेंबडं पोरही इंग्रजी फाडतं. टीव्हीवर सिनेमे इंग्रजीच, खाली दोन ओळी आपल्या भाषेत. त्या दोन ओळी वाचत वाचत मारिता छप्पन्न वर्षांची झाली होती, आणि हे तिच्या नवऱ्याशिवाय कोणालाही माहीत नव्हतं. मला तरी कुठं माहीत होतं? बावीस वर्षं आम्ही एका पाळीत काम केलं. तिच्या डब्यात कोणत्या वारी काय असतं ते मला पाठ, आणि ही एवढी मोठी गोष्ट माझ्या नाकाखाली राहिली.

माझं नाव बेरित. हेल्लविकच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात मी दोन नंबरच्या मशीनवर होते. दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसणं हा माझा स्वभाव आहे आणि त्याबद्दल मी कोणाची माफी मागत नाही.

नोव्हेंबरात कारखाना हॉलंडच्या एका कंपनीनं विकत घेतला. जानेवारीत फळ्यावर सूचना लागली. मशीन चालवायची सगळी यंत्रणा नवी येणार. काही अडलं तर फोन थेट हॉलंडला लावायचा, आणि बोलायचं इंग्रजीत. आमच्या पाळीत पाच माणसं. त्यातली दोनच आता काचेच्या खोलीत मशीनपुढे बसणार, बाकीची बांधणीच्या शेडमध्ये गठ्ठ्यांना प्लास्टिक गुंडाळणार. कोणी कुठं जायचं ते एप्रिलात ठरणार, प्रत्येकाशी वीस मिनिटं इंग्रजीत बोलून. दोन खुर्च्यांतली एक पोंटुसची, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. पोंटुस सत्तावीस वर्षांचा, घरी गेला की काँप्युटरवर जगभरच्या लोकांशी खेळतो आणि भांडतो, तेही इंग्रजीत. म्हणजे उरली एक.

मारिताचा सगळा जीव त्या एका खुर्चीत होता. ओल्या लगद्याचा पट्टा मशीनच्या या टोकाला शिरतो आणि सुकून पुठ्ठा होऊन त्या टोकाला बाहेर पडतो. मधे कुठं तुटला की सगळ्यांची पळापळ. मारिता जाता जाता मशीनच्या लोखंडावर तळहात ठेवायची, पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि म्हणायची, “आज तुटणार बहुतेक.” आणि तुटायचा. किंवा ती कुठंतरी काहीतरी किंचित फिरवायची आणि तुटायचा नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं आणि तिला कोणाला शिकवता येत नव्हतं.

फेब्रुवारीत मला तिचा संशय यायला लागला. दर मंगळवारी पाळी संपली की बाई कॉफीसुद्धा न घेता पसार. एकदा मी चाळीस किलोमीटरवरच्या शहरात चष्मा आणायला गेले, तर हिची लाल गाडी वाचनालयासमोर उभी. दुसऱ्या मंगळवारी मुद्दाम गेले, तरी उभी. मला आधी वाटलं, काही दुखणं आहे. मग वाटलं, पुरुष आहे. खरं सांगते, पुरुष असता तर मला आनंदच झाला असता. तिचा नवरा रोलांड सज्जन माणूस आहे, पण संध्याकाळी सात वाजता तो टीव्हीपुढे जो झोपतो तो झोपतोच. पण मग तिच्या हातांवर पुरळ उठलं, डब्यातलं अर्धं अन्न परत जायला लागलं, आणि माझी मस्करी मनातल्या मनात थांबली.

कारखान्यात बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीमागे सौना आहे, गरम वाफेची लाकडी खोली. पाळी सुटल्यावर तिथं दहा मिनिटं घाम काढायचा आणि घरी जायचं. सौनात आमच्याकडे कोणी खोटं बोलत नाही. अंगावर चिंधीही नसताना माणूस लपवणार काय?

“मंगळवारी कुठं जातेस?” मी विचारलं.

“कुठं म्हणजे?”

“मारिता, मी तुझी गाडी पाहिली. दोनदा.”

तिनं तापलेल्या दगडांवर डावभर पाणी टाकलं, मग आणखी एक. माझे कान भाजले.

“तू कोणाला सांगणार नाहीस, बेरित.”

“मी कधी कोणाला काही सांगते का?”

“नेहमी सांगतेस.”

“बरं. हे नाही सांगणार.”

मग तिनं सांगितलं. सहावीत असताना बाई तिला दर शुक्रवारी उभं करून इंग्रजी धडा वाचायला लावायच्या. तिला अक्षरं एका जागी दिसायचीच नाहीत. वर्ग हसायचा आणि बाईही हसायच्या. मग दर शुक्रवारी तिचं पोट दुखायला लागलं, आणि ते खरंच दुखायचं. त्यानंतर आयुष्यभर तिनं इंग्रजी आलं की वाट वाकडी केली. परदेशी तंत्रज्ञ आले की ही चष्मा शोधायला जायची. कागद आले की म्हणायची, “बेरित, तूच वाच, माझे डोळे दुखतायत.” आणि मी मूर्खासारखी वाचून दाखवायचे!

“आता वाचनालयात म्हाताऱ्यांच्या इंग्रजीच्या वर्गात जाते,” ती म्हणाली. “सिक्स्टेन म्हणून आहेत शिकवायला, जहाजावर वायरलेस चालवायचे. एकोणऐंशी वर्षांचे. त्यांना वाटतं मी नातवंडांसाठी शिकतेय.”

“तुला नातवंडं कुठं आहेत?”

“म्हणूनच तर. खोटं बोलते मी, बेरित. म्हाताऱ्या माणसाशी.”

“आणि शिकवतात काय?”

“घर. कुटुंब. हवापाणी. दुकानात काय म्हणायचं. मागच्या मंगळवारी डॉक्टरकडे काय म्हणायचं.”

“आणि मशीन?”

“मशीन त्या पुस्तकात नाही,” ती म्हणाली आणि रडायला लागली. घामात ते फारसं दिसलं नाही, पण मला कळलं.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याच गाडीतून कामाला जायला लागले. गाडी ती चालवायची आणि व्याकरण मी चालवायचे. मी सहाला उठते. ती सहाला उठते. ती सहाला उठते का? नाही, ती सहाला उठत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात काय काय आहे? आज हवा कशी आहे? हवा उणे अठरा होती आणि मारिताच्या कपाळावर घाम होता. एकदा ‘तुम्ही शनिवारी काय करता’ या प्रश्नावर तिनं गाडी बाजूला घेतली, दार उघडलं आणि बर्फात ओकली. तोंड पुसून परत आत बसली आणि म्हणाली, “शनिवारी मी साफसफाई करते.” बरोबर होतं. घरी ती रोज फ्रीज पुसायची. रोलांडनं मला फोन केला. “बेरित, ती झोपेत ‘डू, डझ, डू, डझ’ करते. मी डॉक्टरला बोलावू का?” मी म्हटलं, “तू झोप.”

मला तिची दया यायची आणि राग पण यायचा. मलाही खुर्ची हवी होती की! माझं इंग्रजी चांगलं आहे, लहानपणी उन्हाळ्यात मी बंदरावर परदेशी पाहुण्यांना आइस्क्रीम विकलंय. पण मी एकसष्ट वर्षांची, चार वर्षांत सुटणार. मी स्वतःला सांगून टाकलं होतं की मला खुर्चीचं काही नाही. माणूस स्वतःला काहीही सांगतो.

मार्चमध्ये मारितानं सिक्स्टेनना खरं काय ते सांगितलं. म्हातारा रागावला नाही. त्यानं एकट्या तिच्यासाठी मशीनच्या शब्दांची दोन पानं मोठ्या अक्षरांत लिहून आणली. पट्टा, लगदा, रूळ, वाफ, गळती. वर तिला बजावलं, “चुकलीस तरी चालेल, पण गप्प बसू नकोस. गप्प बसलीस की पलीकडच्याला वाटतं संपर्क तुटला.” ती पानं तिनं इतकी हाताळली की घडीवर फाटली. ईस्टर येईपर्यंत बाई बोलायला लागली. हळू, शब्द मोजून, पण सरळ. मला उगाचच वाटायला लागलं की हे मी केलं.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी हॉलंडहून फेम्के नावाची बाई आली. उंच, हसरी, आणि सगळं लिहून घेणारी. मारिताची वेळ दहाची, माझी दुपारी एकची. मारितानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. आत जाताना ती कडी भलतीकडेच फिरवत राहिली, शेवटी दार मी उघडलं.

पंचवीस मिनिटांनी ती बाहेर आली. चेहरा लालबुंद, पण आनंदानं.

“कळलं मला! बेरित, एकूण एक प्रश्न कळला!”

मी तिला जेवणाच्या खोलीत ओढून नेलं, दालचिनीचे दोन बन पुढे ठेवले आणि कॉफी ओतायला लागले.

“सांग. काय विचारलं?”

“मशीन किती येतं, ते विचारलं.”

“मग?”

“म्हटलं, थोडंफार.”

माझा हात थांबला. “आणि?”

“पट्टा तुटला तर काय करता? म्हटलं, सगळे मिळून बघतो, बहुतेक जमतं.”

“आणखी?”

“तुमचं खास कौशल्य काय? म्हटलं, तसं खास काही नाही. दुसऱ्यांना जास्त येतं.” आणि तिनं बनचा मोठा घास घेतला. कितीतरी आठवड्यांत मी तिला असं खाताना पाहिलं नव्हतं.

आता यात तिची काही चूक नव्हती. मलाही हेच सुचलं असतं. माझे वडील नावा बांधायचे, पंचक्रोशीत तसा हात कोणाचा नव्हता. कोणी विचारलं, नाव कशी झालीय, तर म्हणायचे, “तरंगते.” आमच्याकडे आपली टिमकी आपण वाजवली तर लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण पुढची वीस वर्षं विसरत नाहीत. हेल्लविकमध्ये मारितानं ‘थोडंफार’ म्हटलं तर लहान मुलालाही कळतं की हिच्यापुढे कोणी नाही. पण हॉलंडची माणसं नाकासमोर बोलतात आणि नाकासमोरच ऐकतात.

“अगं, तिनं ते लिहून घेतलं असेल!” मी म्हटलं.

“काय?”

“की तुला मशीन थोडंफार येतं!”

“मग काय सांगायचं होतं? की मला येतं?” मी तिला चर्चमध्ये उघडी जा असं सांगितल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि मग तिला कळलं. चेहऱ्यावरचा सगळा लाल रंग उतरला. तिनं बन खाली ठेवला, हात पुसले आणि मशीनकडे निघून गेली.

एक वाजता मी फेम्केसमोर बसले. घरून मी पुष्कळ तयारी करून आले होते. पण तोंड उघडलं आणि मारिताच बाहेर आली. चार हिवाळ्यांपूर्वी तिनं धावतं मशीन एकाएकी बंद केलं, मॅनेजर तिच्यावर तोंडाला येईल ते ओरडला, आणि उघडून पाहिलं तर सुकवणाऱ्या रुळाचं बेअरिंग तापून निळं पडलं होतं. अजून अर्धा तास गेला असता तर आग लागली असती. हे सगळं मी सांगितलं.

फेम्केनं कागद चाळले. “पण त्या स्वतः म्हणाल्या, थोडंफार येतं.”

“आमच्याकडे थोडंफार म्हणजे पुष्कळ.”

“मग पुष्कळ म्हणजे काय?”

“पुष्कळ कोणी म्हणतच नाही.”

ती हसली, पण पेन खालीच ठेवलेलं. “तुमच्या सांगण्यावरून मी त्यांच्या कागदावर काही लिहू शकत नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत मी इथं आहे. त्यांनी अकरा वाजता दहा मिनिटं यावं. पण सांगायचं त्यांनी स्वतः.” मग तिनं घड्याळ पाहिलं. “तुमची वेळ संपत आली. तुमच्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुम्हाला मशीन किती येतं?”

“थोडंफार,” मी म्हटलं. निघून गेलं तोंडातून. तिनं ते लिहून घेतलं.

गुरुवारी आम्हाला सुट्टी होती. मी मारिताला खाडीवर मासे धरायला घेऊन गेले. एप्रिलातही बर्फ हातभर जाड होता. ऊन चांगलं पडलेलं. आम्ही बर्फात दोन भोकं पाडली, रेनडिअरच्या कातड्यावर बसलो, गळ सोडले.

“म्हण,” मी म्हटलं. “मला मशीन चांगलं येतं.”

तिनं चारी बाजूंना पाहिलं. जवळचा माणूस अर्ध्या किलोमीटरवर, पाठ करून बसलेला.

“तो ऐकेल.”

“तो हाराल्ड आहे. त्याला त्याच्या बायकोचं ऐकू येत नाही.”

तिनं भोकात पाहिलं. ओठ हलले.

“मला... बरं येतं.”

“बरं नाही. चांगलं.”

“आधी आपल्या भाषेत म्हणते.”

“म्हण.”

आपल्या भाषेत तर तिला त्याहून जमेना. डू आणि डझ गिळलेली बाई, पण इंग्रजीच्या पहिल्या आठवड्यात शिकलेल्या सोप्या शब्दांवर येऊन अडकली. अर्धा तास झाला. कॉफी संपली. मी वैतागले आणि ओरडले, “खुर्ची हवी की नको?”

“हवी!” ती पण ओरडली. हाराल्डनं मान वळवली. मग ती हळू आवाजात म्हणाली, “तिथून मला उठवलं तर मी कोण आहे, बेरित? घरी रोलांड आहे आणि फ्रीज आहे. मला दुसरं काही येत नाही. पण मी असं बोलले आणि लोकांना कळलं तर? दुकानात कळलं तर? म्हणतील, मारिताला आता आभाळ ठेंगणं झालं.”

“म्हणू देत.”

“तू पण म्हणशील.”

“मी? मीच तर शिकवतेय तुला!”

तिनं मग पुन्हा भोकाकडे तोंड केलं आणि म्हणाली. इंग्रजीत. एकदा, दोनदा, सहा वेळा. दर वेळी खाकरून. मासा एकही लागला नाही.

शुक्रवारी अकराला ती आत गेली आणि मी बाहेर बाकावर बसले. आतलं काही ऐकू येत नव्हतं. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. पोंटुस जाता जाता म्हणाला, “काय गं बेरित, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी?” मी त्याला हाकललं. वीस मिनिटांनी दार उघडलं. मारिता पांढरीफटक होती.

“बोललीस?”

“बोलले.”

“काय बोललीस?”

“तिनं विचारलं, तुमच्या पाळीत मशीन सगळ्यात चांगलं कोणाला कळतं. म्हटलं, मला.”

मी तिचा हात घट्ट धरला. “शाब्बास!”

“थांब,” ती म्हणाली. तिला श्वास पुरत नव्हता. “मग तिनं विचारलं, बेरितपेक्षाही? त्या तर कितीतरी वर्षं जास्त आहेत. मी म्हटलं, हो. बेरितपेक्षाही.”

माझा चेहरा तापला. यात खोटं काय होतं? मंगळवारी त्याच खोलीत मी स्वतः हेच सांगून आले होते. बावीस वर्षं मला हे माहीत होतं. तरी ते तिच्या तोंडून ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहिते, लाज वाटते तरी लिहिते. मनात आलं, हिला एवढ्यात शिंगं फुटली? ही स्वतःला समजते कोण? मी, जिनं तिला बर्फावर बसवून हे घोकून घेतलं होतं, त्याच मला असं वाटलं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि मला वाटतं तिला ते सगळं दिसलं.

“बेरित, काहीतरी बोल ना.”

एकच गोष्ट बोलण्यासारखी होती. पण ती माझ्या तोंडून निघेना. वाट पाहता पाहता मारिताचे डोळे भरून आले, तेव्हा कुठं ते शब्द बाहेर पडले.

“खरंय,” मी म्हटलं. “पुष्कळ चांगलं कळतं तुला. माझ्यापेक्षा पुष्कळ.”

सोमवारी फळ्यावर यादी लागली. काचेच्या खोलीत पोंटुस आणि मारिता. माझं नाव शेडच्या यादीत, वरून तिसरं. सगळ्यांच्या समोर मी तिला मिठी मारली, आणि मग संडासात जाऊन दहा मिनिटं बसले.

आता मी गठ्ठ्यांना प्लास्टिक गुंडाळते. काम वाईट नाही, पाठ तेवढी दुखते. पट्टा तुटला की शेडमध्येही भोंगा वाजतो, आणि माझे पाय अजून आपोआप धावायला निघतात. दोन पावलं गेल्यावर लक्षात येतं की आता तिथं माझं काम नाही, मग मी परत फिरते. मारिता बसल्यापासून तो भोंगा फार कमी वेळा वाजलाय.